एक विहीर, चार हिस्से

समुद्रपूरच्या नावात समुद्र आहे. पण वर्धा जिल्ह्यातल्या या गावापासून अरबी समुद्र सहाशे किलोमीटरहून दूर. तरीही दोन्हीकडची भूमी आतून सख्खी आहे. इथल्या कपाशीच्या काळ्या मातीखाली दख्खनच्या लाव्ह्याचा जो काळा पाषाण आहे, त्याचेच थर मुंबईसमोरच्या समुद्राच्या तळाखालीही पसरले आहेत. त्यांच्यावर पुढे साचलेल्या चुनखडीत तेल आणि वायू सापडला. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: भोक पाडल्याशिवाय खाली काय आहे, ते खात्रीनं कळत नाही.

वावरात बोअरची गाडी लागली की धुऱ्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांची नजर भोकातून उडणाऱ्या भुकटीवर खिळते. कोरडी राखाडी भुकटी उडत राहिली की चेहरे उतरतात. तिचा चिखल होऊन बाहेर पडला की जीव भांड्यात पडतो. पाणी लागो न लागो, पैसे फुटाप्रमाणे मोजावेच लागतात. म्हणून भाऊ-भाऊ किंवा शेजारी मिळून सामाईक विहीर खणतात, पाण्याच्या पाळ्या लावतात आणि सातबाऱ्यावर तशी नोंद करून घेतात.

समुद्रातल्या एका शोधविहिरीचा खर्च शेकडो कोटींवर जाऊ शकतो. तिथंही तोडगा हाच, हिस्सेदारीचा. मात्र त्यामागं एक साधं गणित आहे. समजा, पाचांतली एक विहीर लागते. एका कंपनीनं सगळा पैसा एकाच विहिरीत घातला, तर यशाची शक्यता २० टक्के. तेवढ्याच पैशात तिनं दहा विहिरींत प्रत्येकी दहावा हिस्सा घेतला, तर निदान एक विहीर लागण्याची शक्यता ८९ टक्क्यांवर जाते. घबाड मिळालं तरी वाट्याला दहावा भाग येईल, हे खरं. पण एका कोरड्या विहिरीपायी दिवाळं निघत नाही. अट एकच, की दहाही विहिरींचं नशीब एकमेकांपासून वेगळं असावं. सगळ्या एकाच फसव्या खडकावर खणल्या, तर हिस्से पाडूनही धोका पांगत नाही.

मुंबईच्या समुद्रात सुरुवातीला हा सगळा धोका देशानं एकट्यानं उचलला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विहीर खणणाऱ्या रिगनं बॉम्बे हाय इथं तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेव्हा खर्चही सरकारी होता आणि जोखीमही सरकारी. पन्ना, मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रंही ओएनजीसी या सरकारी कंपनीनंच शोधलेली; पण त्यांच्या विकासासाठी लागणारं भांडवल प्रचंड होतं. म्हणून डिसेंबर १९९४ मध्ये २५ वर्षांचा करार झाला. ओएनजीसीचा हिस्सा ४० टक्के, रिलायन्सचा ३० आणि अमेरिकेच्या एन्रॉनचा ३०. एन्रॉन कोसळल्यावर २००२ मध्ये तिचा वाटा ब्रिटनच्या बीजी कंपनीनं विकत घेतला. पुढं २०१६ मध्ये बीजीच शेलच्या ताब्यात गेली. भागीदार बदलत गेले, तरी समुद्रातल्या फलाटांवरचं काम चालू राहिलं.

हे जमतं ते करारातल्या बारीक कलमांमुळं. सहसा एक कंपनी ‘ऑपरेटर’ असते. रिग ठरवणं, माणसं लावणं, विहीर खणणं ही कामं तिची. मोठ्या खर्चाला मात्र भागीदारांच्या समितीची मंजुरी लागते आणि मंजुरीनंतर प्रत्येकाला आपल्या टक्क्याप्रमाणं पैसे भरण्याची मागणी जाते. तिला ‘कॅश कॉल’ म्हणतात. पैसे वेळेवर भरले नाहीत, तर हिस्सा गमावण्याची पाळी येते. आंध्रच्या किनाऱ्यासमोरच्या केजी-डी६ क्षेत्रात रिलायन्स ६०, ब्रिटनची बीपी ३० आणि कॅनडाची निको १० टक्के, अशी वाटणी होती. निकोला आपला वाटा भरता आला नाही. तिचे दहा टक्के उरलेल्या दोघांत २:१ या प्रमाणात गेले: रिलायन्स ६६.६७, बीपी ३३.३३.

सरकारशी होणारी वाटणी आणखी नाजूक असते. पन्ना-मुक्ताच्या करारात कंपन्यांनी आधी आपला खर्च वसूल करायचा आणि उरलेल्या नफ्यात सरकारचा वाटा, अशी रीत होती. बटईच्या शेतीत बियाणं-खताचा खर्च आधी वजा करून मग माल वाटून घ्यावा, तशी. यात भांडण ठरलेलं, कारण कोणता खर्च खरा नि किती धरायचा, यावर नफ्याचा आकडा हलतो. २०१० मध्ये रिलायन्स आणि बीजी सरकारविरुद्ध लवादात गेल्या, त्यात खर्चवसुली हा मोठा मुद्दा होता. २०१६ च्या नव्या धोरणानं नव्या क्षेत्रांसाठी पद्धतच बदलली: खर्चाच्या वह्या तपासत बसण्याऐवजी सरकार थेट महसुलातून हिस्सा घेतं.

आणि विहीर उलटली तर? २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मॅकोन्डो विहिरीचा स्फोट होऊन अकरा कामगार दगावले. बीपीचा हिस्सा ६५ टक्के, अनाडार्कोचा २५, मोएक्सचा १०. विहीर बीपी खणत होती. पण २०११ मध्ये मोएक्सला १०६.५ कोटी डॉलर आणि अनाडार्कोला ४०० कोटी डॉलर बीपीला देऊन तडजोड करावी लागली.

हिस्सेदारीचं शेवटचं काम असतं भोक बुजवण्याचं. डिसेंबर २०१९ मध्ये पन्ना-मुक्ता क्षेत्र ओएनजीसीकडं परत गेलं. ताप्तीत मात्र भागीदारांनी विहिरी कायमच्या बंद करून समुद्रातले फलाट उतरवले. देशात असं काम प्रथमच होत होतं. समुद्रपूरच्या वावरातही हेच काम उरतं. निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच बजावलं आहे, कारण उघड्या भोकात लहान मुलं पडून जीव गेले आहेत. सामाईक बोअर कोरडी गेली, तर गाडीचं बिल वाटून घेताना ती बुजवण्याच्या मजुरीचे हिस्सेही त्याच दिवशी, धुऱ्यावरच ठरवायला हवेत.