लाल बटण की हिरवं?

बालमित्रांनो, बीबीए करणाऱ्या ताईच्या पुस्तकांत 'ई-मार्केटिंग' हा विषय पाहिलात का? इंटरनेटवरून माल विकायची विद्या! मला वाटायचं, त्यात शिकायचं काय? जाहिरात टाकली की झालं.

दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. म्हणाली, "बाई, तुमची शेकडेवारी रोज लागते हो!" आणि तिनं वहीच काढली. समजा, आकाशकंदिलाची जाहिरात 500 जणांनी पाहिली. 10 जणांनी 'विकत घ्या'चं लाल बटण दाबलं. किती टक्के? सांगा पाहू! बरोब्बर, 2. आता दुसऱ्या 500 जणांना तीच जाहिरात, फक्त बटण हिरवं. 15 जणांनी दाबलं. म्हणजे हिरवं जिंकलं? थांबा, थांबा! एवढ्या थोड्या माणसांत तो निव्वळ योगायोगही असू शकतो. आणखी पुष्कळांवर पाहावं लागतं.

वर्तमानपत्रातली जाहिरात कोणी वाचली, ते कळत नाही. इथे प्रत्येक बोट मोजलं जातं. तुमचंसुद्धा बरं का! म्हणूनच भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करणारं कलम आहे. आईबाबा, तुम्हीही हे वाचून ठेवा.

या विद्यार्थिनीला कॉलेजात खेळण्यांची जाहिरात करायला दिली होती. तिनं ती मुलांऐवजी पालकांसाठी केली. मोटारीची किंमत आणि सेल वेगळे घ्यावे लागतात हे, दोन्ही ठळक अक्षरांत लिहिलं. "बाई, मार्क कापतील का हो?" असं विचारत होती. निकाल अजून लागायचाय.