रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या पेशी

२०२१ च्या जूनमध्ये कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती, तेव्हा लस घेतलेल्या कितीतरी लोकांनी लॅब गाठून आपल्या अँटिबॉडी मोजून घेतल्या. झाशीला माणिक चौकात राहणाऱ्या माझ्या मामीनंही मोजल्या. तिचे कोविशील्डचे दोन्ही डोस झाले होते. तिच्या जाऊबाईंनी लस घेतली नव्हती; त्यांना एप्रिलमध्ये कोरोना झाला होता आणि काही दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले होते. रिपोर्ट आले, तर जाऊबाई पॉझिटिव्ह आणि मामी चक्क निगेटिव्ह. फोनवर मामी रडवेली झाली होती. "अरे, मग मी दोनदा दंड टोचून घेतला तो कशाला?"

कारण रिपोर्टवरच बारीक अक्षरांत छापलेलं होतं. त्या लॅबचं किट विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधत होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या कोविशील्डमध्ये ते प्रथिन मुळात नाहीच. या लशीत चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या अ‍ॅडेनोव्हायरसवर बसवून कोरोनाच्या फक्त काटेरी प्रथिनाचा, म्हणजे स्पाइकचा, जीन शरीरात पाठवलेला असतो. मामीला स्पाइकविरुद्धच अँटिबॉडी येणार होत्या, आणि त्या किटला त्या दिसणार नव्हत्या. योग्य किट वापरलं असतं तरी मामीच्या संरक्षणाचा अर्धाच हिशेब कळला असता. उरलेला अर्धा टी पेशींकडे असतो, आणि त्या मोजायच्या तर ताज्या रक्तातल्या जिवंत पेशी काढून त्यांना विषाणूचे तुकडे दाखवावे लागतात. गल्लीतल्या लॅबला ते जमणारं नाही.

अँटिबॉडी विषाणूला पेशीच्या बाहेर गाठते. तो एकदा आत शिरला की तिचा हात तिथं पोचत नाही. तिथून काम टी पेशींचं. त्या जन्मतात अस्थिमज्जेत आणि तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंत धरून पृष्ठभागावर मांडत असते. सीडी-८ जातीची टी पेशी हे तुकडे तपासत फिरते, आणि परका तुकडा दिसला की ती पेशी मारून टाकते. सीडी-४ ही मदतनीस जात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना आणि सीडी-८ ना बळ देण्याचं काम तिचं. टी पेशी विषाणूचा तुकडा आपल्याच शरीराच्या रेणूत धरलेला असेल तरच ओळखते, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेऱ्यात १९७० च्या दशकात दाखवलं आणि १९९६ चं नोबेल मिळवलं. या शोधाचा लस घेणाऱ्याशी थेट संबंध आहे. अँटिबॉडीला विषाणूचा बाहेरचा आकार लागतो. टी पेशीला त्याचे तुकडे पुरतात, मग ते बाहेरचे असोत की पोटातले.

दंडात सुई टोचल्यावर काय होतं? स्नायूत गेलेला ऐवज डेंड्रिटिक पेशी उचलतात आणि लसिकावाहिन्यांतून काखेतल्या गाठीत नेतात. अनेकांना लशीनंतर काखेत अवधाण आलं होतं, ते याच कामाचं. स्तनांच्या मॅमोग्राफीत अशा गाठी दिसू लागल्या तेव्हा डॉक्टर रुग्णांना आधी विचारत, लस कधी आणि कोणत्या दंडात घेतली? त्या गाठीतून लाखो टी पेशी सतत ये-जा करत असतात. त्यांतल्या अगदी मोजक्यांना तो विशिष्ट तुकडा ओळखता येतो. जिला ओळख पटते ती थांबते आणि विभागू लागते. एकीच्या हजारो होतात. दोनेक आठवड्यांत ही फौज शिगेला पोचते, मग त्यातल्या बहुतेक मरतात आणि थोड्या स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं राहतात. ताप येवो न येवो, हे घडतच असतं. "मला काहीच झालं नाही, म्हणजे लस लागलीच नाही" असं म्हणणाऱ्यांनी निर्धास्त राहावं.

संसर्गात हेच घडतं, पण सगळा विषाणू समोर असतो. तो श्वासमार्गात वाढतो, आपली दोन डझनांहून अधिक प्रथिनं बनवतो, आणि टी पेशींना त्यांतल्या कितीतरी दिसतात. कॅलिफोर्नियातल्या ला होया इन्स्टिट्यूटमध्ये अलेसांद्रो सेट्टे आणि शेन क्रॉटी यांच्या गटानं २०२० साली सौम्य आजारातून बरे झालेले लोक तपासले. सगळ्यांच्या रक्तात कोरोना ओळखणाऱ्या सीडी-४ पेशी होत्या, सुमारे ७० टक्क्यांत सीडी-८ होत्या, आणि त्यांची नजर स्पाइकइतकीच आवरणातल्या आणि आतल्या प्रथिनांवरही होती. शिवाय संसर्गानंतर काही टी पेशी थेट श्वासमार्गात मुक्काम ठोकतात. दंडातल्या सुईनं तशा फार थोड्या मिळतात. एवढ्यापुरतं जाऊबाईंचं पारडं जड, हे कबूल करायला हवं.

पण हे शिक्षण ज्या परिस्थितीत होतं, ती पाहा. हा विषाणू शरीराचा पहिला इशारा, म्हणजे इंटरफेरॉन, दाबून ठेवतो. त्यामुळे टी पेशी उशिरा जाग्या होतात, तोवर विषाणू बेसुमार वाढलेला असतो. गंभीर रुग्णांच्या सीबीसी या रक्तचाचणीत लिम्फोसाइटचा (टी पेशी याच कुळातल्या) आकडा घसरलेला दिसायचा, ते याच दिवसांतलं. ज्या पेशींची सर्वांत जास्त गरज, त्याच रक्तातून कमी झालेल्या. कोरोनाच्या या लशींत वाढणारा विषाणू नसतो, म्हणून पेशींना निवांत वेळ मिळतो.

लस म्हटली की सगळ्या सारख्या, असंही नाही. कोविशील्डमध्ये स्पाइक आपल्याच पेशींच्या आत बनतं, त्यामुळे त्याचे तुकडे सीडी-८ पेशींना नीट दिसतात. कोव्हॅक्सिनची गोष्ट वेगळी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं वेगळा काढलेला विषाणू रसायनानं मारून हैदराबादच्या भारत बायोटेकनं ती बनवली. तिच्यात विषाणूची इतरही प्रथिनं आहेत, पण मेलेला विषाणू पेशीत शिरून वाढत नाही, त्यामुळे सीडी-८ पेशींना त्याचे तुकडे कमी दिसतात. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतल्या गटानं २०२२ साली ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’त छापलेल्या अभ्यासात याचा पडताळा मिळतो. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत जोमदार सीडी-४ पेशी सापडल्या, सीडी-८ मात्र सुमारे ५० टक्क्यांत. सीडी-४ ची स्मृती किमान सहा महिने टिकलेली होती. बीटा या उपप्रकारापुढे स्पाइकच्या कळीच्या भागाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी दहा पटींनी कमी पडल्या, तर सीडी-४ पेशींचा प्रतिसाद जेमतेम १.३ पटींनी घटला.

हा शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे विदर्भातल्या नमुन्यांत सापडलेल्या विषाणूतल्या बदलांची चर्चा २०२१ च्या सुरुवातीला सुरू झाली, मग डेल्टा आला, वर्षअखेरीस ओमिक्रॉन. दर वेळी अँटिबॉडींची पकड सैल झाली आणि लस फुकट गेली अशी ओरड झाली. ला होयाच्याच गटानं परदेशी लशी घेतलेल्यांची टी पेशींची प्रतिक्रिया ओमिक्रॉनविरुद्ध तपासली, तर सरासरी ८४-८५ टक्के शाबूत होती. विषाणूनं काही जागा बदलल्या तरी तुकडे पुष्कळ उरतात, आणि माणसागणिक एचएलए वेगळे असल्यानं प्रत्येकाच्या टी पेशी वेगवेगळे तुकडे धरून बसलेल्या असतात. सर्दी-ताप झाला, पण लस घेतलेले बहुसंख्य लोक घरीच बरे झाले, यात टी पेशींचा मोठा वाटा आहे. ही स्मृती किती टिकू शकते? २००३ साली सार्स झालेल्यांच्या रक्तात सिंगापूरच्या शास्त्रज्ञांना १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी मिळाल्या.

जाऊबाईंनी नंतर लस घेतली. संसर्गावर लस हे मिश्रण फार प्रभावी ठरतं, पण त्यासाठी आधी आजार ओढवून घ्यावा असं कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. श्वासमार्गातच पेशी बसवण्यासाठी नाकातून द्यायची इन्कोव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे आली. ती वाट योग्य आहे आणि तिच्यावर अजून पुष्कळ काम व्हायला हवं.

आता साठीपुढच्या वाचकांसाठी एक गोष्ट. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि त्याला टी पेशीच दाबून धरतात. वय वाढलं की त्यांचा जोर ओसरतो, अँटिबॉडी रक्तात असूनही नागीण उठते, आणि तिच्या वेदना कधी कधी महिनोन्‌महिने छळतात. म्हणजे इथे संसर्गानं दिलेली स्मृती म्हातारपणी अपुरी पडते आणि लस ती पुन्हा उभी करते. पन्नाशीनंतर घ्यायची ही लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस असतात. चाचण्यांत तिनं सत्तरीपुढच्या लोकांनाही सुमारे ९० टक्के संरक्षण दिलं. ती महाग आहे, हे खरं. तरी अँटिबॉडी मोजण्यात पैसे घालवण्यापेक्षा या दिवाळीत घरातल्या ज्येष्ठांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तिच्याबद्दल विचारा.