डास कुणाच्या अंगणात सोडायचे?

हरियाणातल्या सोनीपतमध्ये १९७५ साली डास सोडायची जय्यत तयारी झाली होती. हे सगळे एडिस इजिप्ती जातीचे नर, म्हणजे न चावणारे. माद्यांशी त्यांचं मीलन झालं की पुढची वीण घटावी, असा बेत होता. जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचं दिल्लीतलं केंद्र त्यावर काही वर्षं काम करत होतं.

पैसा मात्र अमेरिकेचा, पीएल-४८० या अन्नमदत योजनेचा. एडिस पीतज्वर पसरवतो आणि तो रोग भारतात नाही. मग परक्या पैशाने याच डासावर संशोधन कशाला? वर्तमानपत्रांत जैविक युद्धाचा संशय छापून आला, संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले आणि प्रयोग ऐनवेळी गुंडाळला गेला. संशय सिद्ध झाला नाही. पण वेळीच मोकळेपणाने बोलणारंही कुणी नव्हतं.

फ्लोरिडा कीज या अमेरिकेतल्या बेटांवर गोष्ट वेगळी घडली. तिथलं डास नियंत्रण मंडळ चक्क मतदानाने निवडून येतं! ऑक्सिटेक कंपनीचे जनुक बदललेले डास सोडावेत का, यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांचा कौल घेतला गेला. जिल्ह्याने होकार दिला. पण जिथे पहिली चाचणी व्हायची होती, त्या ‘की हेवन’ नावाच्या वस्तीने साफ नकार दिला. कौल बंधनकारक नव्हता, तरी मंडळाने की हेवनचा नाद सोडला. अखेर २०२१ मध्ये दुसऱ्या बेटांवर अंड्यांचे डबे ठेवून त्यांत पाणी ओतलं गेलं. या नरांची मादी पिल्लं अळी असतानाच मरतात.

याच कंपनीच्या डासांच्या चाचण्या २०१७ मध्ये जालन्याजवळच्या दावलवाडीतही सुरू झाल्या, पण पिंजऱ्यात. ते उघड्यावर सोडायचे असते तर परवानगीचा प्रश्न जीईएसीपुढे, म्हणजे जनुक बदललेल्या जीवांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीपुढे, गेला असता. खाणीसाठी सहसा जनसुनावणी लागते. जनुक बदललेले जीव मोकळे सोडण्यासाठी १९८९च्या नियमांत तशी सक्ती नाही, हे अजबच.

जनुक बदललेल्या बीटी वांग्याच्या वेळी मात्र, २०१० मध्ये, पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत सुनावण्या घेतल्या. शेतकरी, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते असे सुमारे आठ हजार लोक आले, आरडाओरडाही पुष्कळ झाला. ९ फेब्रुवारीला वांग्याच्या लागवडीला स्थगिती मिळाली. पण या सुनावण्या कुठल्या नियमाने नव्हे, मंत्र्यांच्या मर्जीने झाल्या होत्या.