खाली दुकान, वर घर : धुळ्याच्या गल्ल्या कशा पाहाव्यात

ऐतिहासिक स्थळ म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ला, लेणी अथवा देऊळ उभे राहते. लळिंगचा किल्ला पाहावयास निघालेली सहल धुळ्यात चहापुरती थांबते आणि पुढे जाते. परंतु आग्रा रोड व त्यालगतच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, ह्याही इतिहासच होत, हे मुलांना क्वचितच कोणी सांगते.

धुळे हे आपोआप वाढलेले गाव नव्हे. 1803 च्या भयंकर दुष्काळात ते ओस पडले. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. 1818 साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली व जानेवारी 1819 मध्ये सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली. त्या वेळी गावात अवघी 401 घरे व 2,509 माणसे होती. एवढ्या वस्तीवर बाजार कसा चालावा? म्हणून ब्रिग्जने व्यापाऱ्यांना घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा आणि पक्के घर उभारण्यास अगाऊ रक्कम देऊ केली. (फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी तर्जुमा करणारा ब्रिग्ज तो हाच.) पांझरेकाठच्या जुन्या धुळ्याची वस्ती वाकडीतिकडी होती, नवी पेठ मात्र सरळ रस्त्यांची झाली. पुष्कळ लोक ह्या आखणीचे श्रेय सर विश्वेश्वरय्यांना देतात. त्या थोर इंजिनियरांनी आपल्या नोकरीच्या प्रारंभी खानदेशात पाण्याची कामे केली हे खरे. पण नवी पेठ वसू लागली तेव्हा त्यांच्या जन्मास अद्याप चाळीस वर्षे अवकाश होता.

आता घराकडे वळू. बाजारपेठेत प्रत्येक व्यापाऱ्यास रस्त्याकडे तोंड हवे असते. सबब दर्शनी बाजू अरुंद आणि घर मात्र आत लांबच लांब, अशी रचना होते. प्रथम रस्त्याहून उंच ओटा. त्यावर दुकानाची गादी. लोखंडी शटरे येण्यापूर्वी दुकान मिटावयाचे म्हणजे उभ्या लाकडी फळ्या चौकटीच्या खाचेत एकामागून एक सरकवावयाच्या. आज फळ्या नसल्या तरी एखाद्या जुन्या उंबरठ्यावर ती खाच दिसते. दुकानामागे माल ठेवण्याची खोली, तिच्यामागे उघडा चौक. शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीस भिडलेली असल्यामुळे बाजूस खिडकी काढता येत नाही. उजेड व वारा यावयाचा तो ह्या चौकातूनच. वर माडी, तिथे कुटुंब. माडीचा सज्जा रस्त्यावर पुढे आलेला असतो. तो शोभेकरिता काढला असे वाटते, परंतु खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर सावली धरणे हे त्याचे खरे काम होय.

खानदेशातील जुन्या घरांवर कौलांऐवजी बहुधा धाबे असते : सागाच्या तुळया, त्यांवर लाकडाचे आच्छादन आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती पसरावयाची, म्हणजे पाणी मुरत नाही. कोकणात असले छप्पर एक पावसाळाही टिकणार नाही. आपल्याकडे पाऊस थोडा व वैशाखातील ऊन भाजून काढणारे, म्हणून येथे तेच शहाणपणाचे ठरले.

योगायोग पाहा. ज्या 1819 साली ब्रिग्ज धुळ्यात जागा वाटीत होता, त्याच साली स्टॅमफर्ड रॅफल्सने सिंगापूरचे ठाणे वसविले. 1822 च्या आपल्या आराखड्यात त्याने असा दंडक घातला की, प्रत्येक घरापुढे छत असलेला पडवीसारखा रस्ता असावा आणि तो सर्वांस सदैव खुला असावा. त्यातून तेथील प्रसिद्ध ‘पाच फुटी वाट’ झाली. घर खाजगी, पण त्याची पडवी सार्वजनिक! आपल्या ओट्यास असा कायदा नव्हता. तथापि वाटसरू त्यावर बसला तर त्यास उठविण्याची रीतही नव्हती.

पुढे 1947 साली मुंबई प्रांतात व सिंगापुरातही भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. भाडेकरू रस्त्यावर येऊ नयेत हा हेतू स्तुत्य होता. परंतु भाडे गोठले आणि गवंड्यासुताराची मजुरी वाढत गेली. मालकास डागडुजी परवडेना, भाडेकरूस घर आपले वाटेना. तुळई मात्र दोघांची वाट न पाहता कुजत राहिली. सिंगापूर सरकारने 1989 साली चायनाटाउन, लिटल इंडिया इत्यादी भाग संरक्षित ठरविले व 2001 मध्ये भाडेनियंत्रण उठविले. आज तेथील दर्शनी बाजू रंगरंगोटीने झळकतात. पण वर राहणारी कुटुंबे व खालचे जुने कारागीर बहुतांशी निघून गेले. त्यांच्या जागी कचेऱ्या, उपाहारगृहे आणि हॉटेले आली. माझ्या मते हा अर्धाच जीर्णोद्धार होय. आणि जो पालक गळक्या माडीत संसार करतो, त्यास ‘घर जुने आहे, तसेच ठेवा’ असा फुकट उपदेश करणे, ही दुसऱ्या टोकाची चूक.

मधला मार्ग गवंडीकामातून निघतो. माती-विटांची भिंत ओल शोषते व हळूहळू बाहेर सोडते. तिजवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि भिंतीत रोवलेले तुळईचे टोक प्रथम कुजते. चुन्याचा गिलावा भिंतीस श्वास घेऊ देतो. सबंध घर पाडण्याऐवजी कुजलेले टोक कापून तेथे नवा साग जोडता येतो. मात्र त्यास ती कला जाणणारा सुतार हवा.

तेव्हा पुढील सहलीस वहीबरोबर फूटपट्टी घ्यावी. दुकानदाराची परवानगी मागून दर्शनी रुंदी मोजावी, फळ्यांची खाच शोधावी, सज्जाखालचे नक्षीदार लाकूड चितारावे. सकाळी लवकर जावे. गिऱ्हाईक सुरू झाल्यावर दुकानदारास तुमच्याशी बोलावयास सवड राहणार नाही.