44 कोटी ठिपके, एक कारण

अचानक गेलेल्या माणसाचा देह सीटी स्कॅनच्या टेबलावर आहे. सुरी कुठेच नाही, तरी यंत्र त्याचे काप पाडतंय. एका कापात आडवे 512 ठिपके, उभे 512. झाले 2,62,144! आणि हा फक्त एक काप. 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस धरा, मिलिमीटरला एक काप धरा. म्हणजे 1700 काप. आता करा गुणाकार: 44,56,44,800!

सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसा. झोप नाही, जेवण नाही. 14 वर्षं जातील. रामाचा वनवास संपेल, तरी आपली मोजणी आणखी दीड महिना चालूच!

बरं, प्रत्येक ठिपका म्हणजे मिलिमीटरभराचा मणी समजा आणि ओवत चला. माळ मुंबईहून पुण्याला पोचेल, परत मुंबईला येईल, पुन्हा पुण्याच्या वेशीवर जाईल. 445 किलोमीटर, आणि तीही एकाच देहातून!

एवढ्या पसाऱ्यात शोधायचं काय? अशा मृत्यूत पहिला संशय हृदयावर. मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलणारा हा पंप वर्षाला 26 लाख लिटर ढकलतो. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ रेल्वे आठवते? 50 वाघिणी, एका खेपेला 25 लाख लिटर. मुठीएवढं हृदय दर वर्षी तशी अख्खी गाडी रिकामी करतं! आणि त्याला स्वतःला रक्त पोचवणाऱ्या करोनरी धमन्या? उगमापाशी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. 445 किलोमीटरच्या माळेतले तीन-चार मणी!

त्यात हृदय थांबलेलं, मग धमन्या उजळवणारं औषध पुढे ढकलणार कोण? इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी मानेतल्या धमनीतून बारीक नळी थेट हृदयाच्या तोंडाशी नेली, तिथे छोटा फुगा फुगवून वाट अडवली आणि औषध करोनरींमध्ये वळवलं. काय युक्ती आहे! मात्र फुफ्फुसात अडकलेली गुठळी शवविच्छेदनातच जास्त नेमकी सापडते, आणि निव्वळ ठोक्यांची लय बिघडून प्राण गेला असेल तर चित्रात काहीच उमटत नाही.

लेस्टरच्या या पद्धतीच्या चाचणीचा निकाल 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच देहांचं शवविच्छेदनही झालं, पण स्कॅन पाहणाऱ्यांना त्यात काय निघालं ते ठाऊक नव्हतं. हिशेबात धरलेले देह 210. आपल्या मापाने त्यांचे ठिपके 9,358 कोटी! त्यांची माळ पृथ्वीला दोन वेढे घालेल, आणि वर 13,000 किलोमीटर उरेल! एवढ्या ठिपक्यांतून डॉक्टरांनी 193 जणांच्या मृत्यूचं कारण सांगितलं. शंभरात 92!