गावाची सामायिक वीज

बारभाईची खेती कधी धड होत नाही, असा आपल्याकडे जुना समज आहे. जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, असेही आपण म्हणतो. परंतु आजचा एक मोठा प्रश्न असा आहे की, तो बारभाईंनी एकत्र आल्यावाचून सुटावयाचा नाही. घरोघरी जळणारे लाकूड, रॉकेल आणि दगडी कोळशापासून आलेली वीज यांच्यापायी जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो व पृथ्वीचे तापमान वाढवितो, त्याला आळा घालावयाचा तर एकट्यादुकट्या घराचे सामर्थ्य अपुरे पडते. मग शेजाऱ्यांनी मिळून ऊर्जा निर्माण करावी, हा मार्ग उरतो. तो कितपत चालण्याजोगा आहे, हे कर्नाटकातील एका लहानशा गावाच्या अनुभवावरून चांगले उमगते.

या गावाचे नाव पुरा. ते तुमकूर जिल्ह्यात, कुणिगल तालुक्यात आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्राध्यापक अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी ग्रामीण भागासाठी विज्ञानाचा उपयोग करण्याकरिता 'अस्त्र' नावाचे केंद्र काढले. या मंडळींनी पुरा गावात ऊर्जेची बारकाईने मोजदाद केली. कोणत्या कामाला किती जळण लागते, ते कोण आणते, पाणी किती दुरून येते, या सर्वांचा हिशेब मांडला. सर्वांत अधिक ऊर्जा चुलीत जात होती आणि तिच्यासाठी लाकूडफाटा गोळा करण्याचा भार मुख्यत्वे स्त्रियांवर व मुलांवर पडत होता.

तेव्हा शेणापासून वायू करून तो घरोघरी स्वयंपाकासाठी द्यावा, असा विचार साहजिकच पुढे आला. गोबर वायूची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून असा वायू मिळविण्यात आला होता. शेण पाण्यात कालवून बंद टाकीत ठेवले की, हवेवाचून जगणारे सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात व ज्वलनशील मिथेन वायू वर जमतो. खाली राहणाऱ्या राडीत नत्र शिल्लक असल्यामुळे तिचे उत्तम खत होते. म्हणजे गोवरी जाळली तर खत गमावते; टाकीतून मात्र जळणही मिळते आणि खतही हाती राहते.

पुरा गावातील सामायिक टाकी मात्र चुलीच्या बाबतीत अपयशी ठरली, आणि या अपयशाचे कारण साध्या अंकगणितात आहे. एक घनमीटर वायूला सुमारे २५ किलो शेण लागते. पाच माणसांच्या कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक व्हावयाचा तर रोज एक घनमीटर किंवा त्याहून थोडा अधिक वायू हवा. चांगले जनावर दिवसाकाठी दहाएक किलो शेण देते. पण दिवसभर रानात चरणाऱ्या गुरांचे निम्मे शेण बाहेरच पडते. तेव्हा घरटी चार-पाच जनावरे असल्याखेरीज हा मेळ बसत नाही. गावात तेवढी गुरे नव्हती. दोन्ही वेळचा स्वयंपाक वायूवर होईना, म्हणून लाकडाची ने-आण चुकेना. आणि ती चुकत नाही असे पाहताच बायकांनी शेण आणून घालण्यातले लक्ष काढून घेतले. शेण कमी झाल्यावर वायू आणखी कमी झाला. ज्या योजनेतून प्रत्येक घराला पुरेसे काही मिळत नाही, ती सर्वांच्या भल्याची असली तरी सर्वांकडून पोसली जात नाही, हे येथे दिसून आले.

यानंतर अस्त्रच्या मंडळींनी गावकऱ्यांना काय हवे आहे, याचा पुन्हा विचार केला. लोकांना हवा होता उजेड आणि स्वच्छ पाणी. आता तोच हिशेब निराळा होतो. एका घनमीटर वायूवर इंजिन चालविले तर सुमारे सव्वा युनिट वीज मिळते. वीस वॉटची एक नळी चार तास लावली तर तिला एका युनिटाचा बारावा भागही लागत नाही. जो वायू एकाच घराची चूल पेटवील, तोच बारा घरांत संध्याकाळचा दिवा लावू शकतो. १९८७ साली वायूवर चालणारे इंजिन व जनित्र सुरू झाले. त्याला जोडीला थोडे डिझेल लागे, हे खरे. पण डिझेलचा बराच मोठा भाग वाचे. घरांत दिवे लागले आणि विंधनविहिरीचे पाणी नळांवाटे गावात आले.

या वेळी व्यवहारही चोख ठेवला होता. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे दोन पैसे मिळत आणि त्याच्या वाट्याची राडी खत म्हणून परत मिळे. शेण आणण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करीत, म्हणून हे पैसे त्यांच्या हाती पडत. यंत्र चालविण्यासाठी गावातीलच तरुण तयार केले होते, आणि दिव्यासाठी व पाण्यासाठी प्रत्येक घर ठराविक रक्कम भरी. एखाद्याने शेण आणणे बंद केले तर अंधार त्याच्याही घरात होई. सर्वांचे हित आणि प्रत्येकाचे हित एकाच तारेत ओवले गेल्यामुळे ही बारभाईची खेती अनेक वर्षे चालली. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती थांबली. अशा व्यवस्था कायमच्या नसतात. माणसांमधला करार वेळोवेळी ताजा करावा लागतो. तथापि तिने दिलेला धडा शिळा झालेला नाही.

आज देशातील अनेक शहरांत आपण सहकारी गृहसंस्थांतून राहतो. छपरावर सूर्यप्रकाश पडतो, पण ते छप्पर सर्वांचे, म्हणून त्याचा निर्णय कोणी घेत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामायिक सोयींसाठी प्रत्येक किलोवॅटला १८ हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. पाण्याचा पंप, उद्वाहन, जिन्यातील दिवे यांची वीज प्रथम छपरावर करावी. त्यामुळे देखभालीच्या वर्गणीत होणारी बचत प्रत्येक सभासदाला आपल्या हिशेबात दिसते. चुलीच्या आधी दिवा आणि पाणी घेण्यात पुरा गावाने जो क्रम शेवटी स्वीकारला, तोच येथेही सोयीचा आहे.

स्वच्छ ऊर्जेच्या कोणत्याही सामायिक योजनेला म्हणून तीन प्रश्न आधी विचारावेत. जे द्यावयाचे आहे ते पुरेसे आहे काय? त्याचा लाभ प्रत्येक घराला डोळ्यांनी दिसेल काय? आणि ज्याचे श्रम त्यात लागतात, त्याला त्याचा मोबदला मिळतो काय? या तिन्हींची उत्तरे 'होय' अशी आली, तर पृथ्वीचे कल्याण साधण्यासाठी माणसाने साधुसंत होण्याची वाट पाहावी लागत नाही. नेकीने हिशेब ठेवणारे शेजारी एवढ्या कामाला पुरेसे आहेत.