फणी, फॉइल आणि कापसाचं गोदाम

हौशी लोकांच्या टेबलावरची छोटी रेल्वे कधी पाहिली आहे? गाडी आपली असते, पण रुळांच्या कडेची घरं बहुतेकदा युरोपातली! उतरती छपरं, खिडकीत फुलांच्या कुंड्या. कारण तयार किट तिकडून येतात. आमच्याकडेही तेच झालं. लेकाने आणि ह्यांनी मिळून जुन्या दाराच्या फळीवर रूळ टाकले, मालगाडी फिरू लागली. पण या गाडीत माल भरायचा कुठे? गोदाम हवंच, आणि ते मुंबईचंच हवं, असा हट्ट मी धरला.

मुंबईत गोदामांना काय तोटा? रे रोडपासून शिवडीपर्यंत बंदराच्या बाजूने नुसतं चालत गेलं तरी जुन्या गोदामांच्या भिंती दिसतात. कापसाचा बाजार पूर्वी कुलाब्याला भरायचा. १९२० च्या दशकात तो शिवडीकडे हलला आणि तिथल्या हार्बर लाइनच्या स्टेशनला ‘कॉटन ग्रीन’ हे नाव मिळालं. पोर्ट ट्रस्टची तर स्वतःची रेल्वेही होती, १९१५ पासून. म्हणजे रूळ आणि गोदाम ही जोडी इथे मुळातलीच.

मग मोजमाप. आत जाऊन टेप कोण लावू देणार? पण विटांच्या भिंतीला टेप लागतच नाही. सांध्यासकट एक वीट नऊ इंच धरायची आणि फुटपाथवरून विटा मोजायच्या. लांबी कळते. उभे थर मोजले, तीन इंचांना एक, की उंची कळते. आमची रेल्वे ‘एचओ’ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाची. तीस मीटर लांबीचं गोदाम साडेचौतीस सेंटिमीटरचं होतं, तीन मीटरचं दार साडेतीन सेंटिमीटरला जरा कमी. आणि विटेचा थर एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही! एक तडजोड मात्र पत्करावीच लागते. बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, तर आपला ब्रॉडगेज या मापात एकोणीसच्या वर जातो.

जागा कमी असेल तर अख्खी इमारत करायची गरज नाही. दर्शनी भिंत आणि मागे चार बोटं खोली, एवढं करून मॉडेल भिंतीला टेकवायचं. आम्ही तेच केलं. भिंती माउंटबोर्डच्या. विटांच्या रेघा बोथट सुईने दाबून काढल्या. फलाट वॅगनच्या तळाच्या पातळीला आणला. खरा साधारण मीटरभर उंच, आमचा साडेअकरा मिलिमीटर.

पत्र्याचं छप्पर करताना अडलं. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या या मापाला फारच मोठ्या. शेवटी उपयोगी पडली ती आपली फणी! पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा फणीच्या दातांवर ठेवला, रिकाम्या रिफिलच्या टोकाने घासला, की झाला पन्हळी पत्रा. त्यावर करडा रंग आणि गंजासाठी कोऱ्या चहाचं पाणी. डाग कसेही टाकायचे नाहीत बरं का. पन्हळीचं पाणी जिथे पडतं तिथे शेवाळ, खिळ्याखाली गंजाचा ओघळ. डागाला कारण पाहिजे, हे कोणत्याही गृहिणीला शिकवावं लागत नाही.

इथवर ही नुसती हौस होती. मी ज्या वस्तीत बचत गटाचं काम करते, तिथले एक निवृत्त माथाडी काका मॉडेल बघायला आले आणि सगळा नूरच बदलला. त्यांनी चष्मा लावून आधी दार पाहिलं, मग फलाट. “ताई, गाठ काय उचलत्यात व्हय? ती कलती करायची, आन् हुकानं फिरवत न्यायची. म्हून फलाट आन् डबा एका पातळीत.” आजची कापसाची प्रमाणित गाठ १७० किलोची असते. खिडक्या उंचावर का, तेही त्यांनीच सांगितलं. उजेड यावा, वारा खेळावा, पण हात पोचू नये. माथाडी कायदा १९६९ साली आला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली कामगार झगडले तेव्हा कुठे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं मिळालं. काकांची नात कॉलेजात शिकते. आजोबा नेमकं काय काम करायचे, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

जाताना काका म्हणाले, “बादल्या ऱ्हायल्या की.” वाळूच्या लाल बादल्या! कापूस आणि आग यांचं वैर मुंबईला चांगलंच ठाऊक आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीला आग लागली. तिच्यात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. दोन स्फोट झाले, आसपासची गोदामं उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं गेली. आमच्या गोदामाच्या भिंतीवर आता पोतीतल्या लाल मण्यांच्या बादल्या ओळीने टांगल्या आहेत.

शेवटी माणसं. या मापात माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तयार संचात सूटबूटवाले प्रवासी मिळतात, हमाल मिळत नाहीत. ते आम्ही तारेवर कागदाचा लगदा चढवून केले. गटातल्या एका मावशींची आई धान्याच्या गोदामात सांडलेलं धान्य झाडायला जायची, रोजावर. त्या म्हणाल्या, “बाईमाणूस कुठंय यात?” म्हणून फलाटाच्या टोकाला केरसुणी घेतलेल्या दोन बायका उभ्या केल्या. साड्यांना माझ्याच जुन्या पातळाचा रंग.

अशी गोदामं आता बंद पडताहेत, त्या जागांवर नवं काही बांधायच्या योजना होताहेत. सगळं जपता येणार नाही, हे मलाही कळतं. पण इमारत पडली की तिच्यात राबलेल्यांना विचारायचं निमित्तही जातं. तुमच्या गावात जिनिंगची गिरणी असेल, गूळबाजार असेल, स्टेशनाजवळचा जुना मालधक्का असेल. जाऊन विटा मोजा आणि मग तिथे काम केलेल्या एखाद्या आजी-आजोबांना चहाला बोलवा. आमच्या घरी मॉडेल पाहायला आलेलं माणूस आता आधी गाडी बघत नाही. विचारतं, “या दोघी कोण?”